जमा सावेडी, नावे सावेडी

नगरच्या गावठाणात प्रत्येक गल्लीला एक मारुती, एक पिठाची गिरणी आणि सावेडीला राहायला जायचा विचार करत असलेला एक गृहस्थ असतोच. मारुती जागचा हलत नाही, गिरणी अधूनमधून बंद पडते आणि गृहस्थ विचार करत राहतो. आमच्या गल्लीत हे पद नानांकडे आहे. पलीकडच्या गल्लीत ते एका सोनाराकडे आहे, माळीवाड्यात एका निवृत्त मास्तरांकडे. पण त्यांचं काम हौशी. मनात आलं की विचार केला, विसरले की विसरले. नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी सावेडीचा रीतसर हिशेब ठेवलाय.

त्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. डाव्या पानावर 'जमा', उजव्या पानावर 'नावे'. सावेडीला जाण्याचे फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे. प्रत्येक नोंदीला तारीख आणि शेजारी नानांची बारीक सही. खाडाखोड झाली असेल तिथंही सही, नाहीतर ऑडिटला आक्षेप निघतो. हे ऑडिट कोण करणार, असं एकदा काकूंनी विचारलं होतं. नानांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. खिशाला दोन पेनं. जमेला निळं, नावेला लाल. लाल पेनाची कांडी आधी संपते, हे सांगायला नकोच.

नाना राहतात दिल्ली दरवाजाच्या आत, वडिलोपार्जित वाड्यात. वाडा म्हणजे फोटोत छान दिसतो तसा नव्हे. चुलत्यांच्या वाटण्या होत होत नानांच्या वाट्याला माडीवरच्या दोन खोल्या आणि जिन्याखालचा कोपरा आला. नळ सामाईक, संडास सामाईक, भांडणं तेवढी प्रत्येकाची स्वतंत्र. पावसाळ्यात माळवद गळतं आणि ते कुणी दुरुस्त करायचं यावर दिवाळीपर्यंत चर्चा चालते. दिवाळीत पाऊस थांबलेला असल्यामुळे विषय मिटतो. पाणी खालून हंड्यानं माडीवर न्यायचं. ते कोण नेतं, हे वहीत नाही.

सावेडीची पहिली नोंद झाली तेव्हा नानांची लूना नवी होती. दौंड रस्त्याला कायनेटिकचा कारखाना, त्यामुळे लूना ही नगरकराला घरचीच गाडी वाटायची. त्या लूनावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मागं बसवून नाना प्रेमदान चौकाच्या पुढं प्लॉट बघायला गेले. नागापूरला एमआयडीसी आली होती, मोठमोठे कारखाने उभे राहत होते आणि तिथल्या नोकरदारांना राहायला जागा हवी होती. पण सावेडी म्हणजे अजून ज्वारीचीच रानं. एका रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या. एजंट म्हणाला, "साहेब, हा तुमचा हॉल." नानांनी पाहिलं, हॉलमध्ये एक बोरीचं झाड आणि दोन शेळ्या होत्या. सहकाऱ्यानं त्याच संध्याकाळी इसार दिला. नानांनी घरी येऊन वही उघडली आणि लाल पेनानं लिहिलं : "रात्री कोल्हे ओरडतात."

ही नोंद मी पाहिलीय. पुढं 'कोल्हे' खोडून 'कुत्री' केलंय, त्यावर सही. काही वर्षांनी 'कुत्री' खोडून 'मंगल कार्यालयाचा बँड'. अलीकडं तेही खोडलंय आणि 'डीजे' आहे. म्हणजे एवढ्या काळात सावेडीचा सगळा इतिहास त्या एका ओळीतून निघून गेला. ओळ मात्र जिथल्या तिथं, उजव्या पानावर.

'रस्ता' या नोंदीचंही तेच. सुरुवातीला 'रस्ता नाही' हा तोटा. मग रस्ता झाला, तेव्हा नानांनी प्रामाणिकपणे तो जमेला नेला, आणि आठवड्यात नावे लिहिलं : 'रस्ता झाल्यामुळे वाहने फार.' पुढं रस्ता खोदला. तोही तोटा. खोदलेला बुजवला तेव्हा उंचवटा राहिला. तोही. 'शांतता' तर दोन्ही पानांवर आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिच्यापुढं एकच शब्द लिहिलाय : 'फार'.

नाना घाबरट आहेत म्हणून गेले नाहीत, असं कुणी म्हणेल. तसं नाही. त्यांचं खरं दुखणं वेगळं आहे. आयुष्यभर त्यांनी ताळेबंद जुळवले, आणि ताळेबंदात एकतीस मार्चला आकडे जागेवर उभे राहतात. सावेडी उभी राहीना. आधी सावेडी नाका ही हद्द वाटायची, मग गुलमोहर रस्ता झाला, मग पाइपलाइन रस्ता, भिस्तबाग चौक, तपोवन रस्ता. आता तर लोक वडगाव गुप्ताला राहतात आणि पत्ता सावेडीचा सांगतात. नानांचं बजेट नेहमी एक चौक मागं. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून ते ज्या चौकात पोचायचे, तिथून परवडणारा चौक पुढं सरकलेला असायचा. वहीच्या मागच्या पानावर गुंठ्याचे भाव लिहिलेले आहेत. ते वाचताना नानांचा आवाज असा होतो, की समोरच्यानं टोपी काढावी.

मध्ये एकदा त्यांनी नियमावर बोट ठेवून बाजी मारली होती. सहकाऱ्याच्या ओळखीतल्या काही जणांनी रानातले गुंठे परस्पर घेतले. ना एनए, ना मंजूर ले-आऊट. नानांनी लाल पेनानं पान भरलं : अनधिकृत, बेकायदेशीर, सातबाऱ्यावर दहा नावं, उद्या बुलडोझर. गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मग २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. पैसे भरा, प्रमाणपत्र घ्या. नानांनी ते अख्खं पान तिरकी रेघ मारून रद्द केलं. रेघ मारताना, काकू सांगतात, त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मला नानांशी वाद घालायची खोड आहे. एकदा मी म्हणालो, "नाना, अहो हे आपलं शहरच मुळात हलण्यातून झालंय. मलिक अहमदनं १४९० साली भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवलं आणि पुढं जुन्नर सोडून तिथंच राजधानी केली. भिंगार तेव्हा जुनं गाव आणि आपलं नगर म्हणजे त्याच्याशेजारची नवी वसाहत. त्यानं अशी वही घातली असती तर आपण आज जुन्नरला असतो."

नाना हसले. असं हसले, की मी हा मुद्दा काढणार हे त्यांना माहीतच होतं. म्हणाले, "त्याला दौलताबाद घ्यायचं होतं. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधली जागा हवी होती त्याला. कामाच्या ठिकाणापासून अंतर हा मुद्दा त्यानं बघितलाच होता. माझं काम काय दौलताबादला होतं?"

"बरं, पण…"

"आणि पाणी! निजामशाहीत पाण्याची सोय बघा. कापूरवाडीहून, शेंडीहून खापरी नळ टाकून शहरात पाणी खेळवलं त्यांनी. तुमच्या बिल्डरनं काय आणलं? बोअर. तेही उन्हाळ्यात आटतं."

हे खरं होतं, म्हणून मी भिस्तबागेकडं वळलो. म्हणालो, निजामशहासुद्धा हवापालटाला शहराबाहेर त्याच बाजूला जायचे, बाग केली, महाल बांधला, तो महाल अजून उभा आहे. नाना म्हणाले, "राहायला नाही गेले. फिरायला गेले आणि परत आले. मीही रविवारी जातो." मी गप्प बसलो. जिल्हा परिषदेत यांनी कितीकांची बिलं परत पाठवली असतील याचा अंदाज आला.

पाण्याचा मुद्दा मात्र नानांनाही सोडवता आलेला नाही. नगरला मुळा धरणाचं पाणी येतं. धरण २६ टीएमसीचं. तिथून विळद, विळदहून वसंत टेकडी आणि टेकडीवरून शहरात. म्हणजे पाणी आधी त्या बाजूला येतं आणि मग आपल्याकडं. पाइपलाइन रस्त्याचं नावच त्यावरून. नानांनी जमेला लिहिलं : 'पाणी सावेडीवरून जाते.' दुसऱ्या दिवशी नावे : 'जाते, याचा अर्थ थांबते असा नाही.' त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "आपल्याकडं तरी कुठं रोज थांबतंय? आणि थांबलं तरी खालीच थांबतंय की. माडीवर मीच आणते."

काकू पाथर्डी तालुक्यातल्या. दुष्काळी गावातली मुलगी नगरला दिली की आईबाप म्हणायचे, चला, नळाचं पाणी तरी मिळेल. मिळालं, पण एकोणीस पायऱ्यांखाली. काकूंची धाकटी बहीण गुलमोहर रस्त्याला राहते. तिच्याकडं भिशीला गेल्या की काकू आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतात, हात धुतात आणि बंद करतात. परत येऊन नानांना काही सांगत नाहीत. काकूंच्या हिशेबाला एकच बाजू आहे, आणि ती मांडायला त्यांना कागद लागत नाही.

त्यांनी फक्त एकदा वहीत लक्ष घातलं. नानांनी नावे लिहिलं होतं : 'अमरधाम लांब पडते.' नालेगावचं अमरधाम वाड्यापासून चालत दहा मिनिटं, हे नाना नेहमी अभिमानानं सांगायचे. काकूंनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "तुम्हाला कुठं चालत जायचंय?" नानांनी ती नोंद खोडली नाही, तिच्यापुढं 'पुनर्विचारार्थ' असं लिहून ठेवलं.

एका पावसाळ्यात नानांनी केडगावचाही विचार केला. पोरगा पुण्याला, खराडीत. केडगाव पुण्याच्या रस्त्याला. तो शनिवारी आला की गावात न शिरता थेट घरी. रेणुकामातेचं देऊळ तिथंच, काकूंची नवरात्रातली सोय. स्टेशन जवळ. नवी वही आणायची तयारी झाली. पण नाना एका रात्री उठून बसले आणि म्हणाले, केडगावला गेलो तर सावेडीचा सगळा हिशेब वाया जाईल. केडगाव तिथंच संपलं.

नानांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं, की त्यांच्या नावेतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. चितळे रस्त्यावर संध्याकाळी खाली उतरलं की दहा पावलांवर भाजी मिळते. कोथिंबिरीची जुडी घ्यायला गाडी काढावी लागत नाही. डाळ मंडईत दुकानदार आजोबांच्या नावानं ओळखतो आणि उधारीही त्याच नावावर मांडतो. गणपती विसर्जनाला माळीवाड्याचा विशाल गणपती निघतो, मोहरमला कत्तलच्या रात्री सवाऱ्या उठतात. हे सगळं बघायला सावेडीकर पोरांना खांद्यावर घेऊन गावात येतात, गाड्या गांधी मैदानाकडं कुठंतरी लावतात आणि मध्यरात्रीपर्यंत त्या शोधत फिरतात. नाना माडीच्या खिडकीतून बघतात. नानांकडं गाडीच नसल्यामुळे शोधायचा प्रश्न नाही. लूना जिन्याखालच्या कोपऱ्यात आहे, तिच्यावर गाद्या ठेवलेल्या असतात.

आणि हेही खरं, की गावठाणाचे गोडवे गाणारे बहुतेक जण ते सावेडीच्या गॅलरीतून गातात. ओटा, शेजार, आपुलकी असं म्हणत डोळे पुसायला त्यांना स्वतःचं पार्किंग लागतं. मी त्यांच्यातला नाही, पण माझाही एक पाय त्या बाजूला आहेच. माउली सभागृहात नाटक असलं की मी सावेडीला जातो आणि मध्यंतरात तिथल्या रुंद रस्त्याकडं जरा जास्तच वेळ बघतो.

सगळ्यात गंमत त्या सहकाऱ्याची. त्याच बोरीच्या झाडाच्या जागी त्याचा बंगला आहे. वरचा मजला एमआयडीसीतल्या इंजिनिअरला भाड्यानं. तो रोज सकाळी स्कूटर घेऊन दिल्ली दरवाजाला येतो, चहा घेतो, नानांच्या ओट्यावर बसून पेपर वाचतो आणि तक्रार करतो : तिकडं कुणी कुणाशी बोलत नाही, शेजारी कोण राहतो माहीत नाही, दाराला भिंग लावलंय त्यातून बघतात. नानांचा चेहरा त्या वेळी फुलतो. लाल पेन निघतं. सहकाऱ्याची साक्ष नावेच्या पानावर त्याच्या सहीनिशी नोंदवलेली आहे. साक्ष देऊन झाली की अकरा वाजता सहकारी स्कूटर काढतो आणि बंगल्यावर जेवायला जातो. दुपारी झोपायला त्याला तिथलीच शांतता लागते. हे नानांनी कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

नानांच्या कीर्तीमुळे झालं असं, की गल्लीत कुणाच्याही मनात सावेडी आली की तो आधी नानांकडं यायचा. नाना दोन्ही पानं वाचून दाखवायचे. जमेला वेळ कमी लागायचा. नावेला चहा दोनदा व्हायचा. ऐकणारा उठायचा, नमस्कार करायचा आणि पुढच्या मुहूर्तावर सावेडीला जायचा. का कोण जाणे. कदाचित एवढे तोटे माहीत झाल्यावर त्याला धीर येत असावा, की आता नवं काही निघणार नाही. अशी गल्ली हळूहळू रिकामी झाली. मोकळ्या वाड्यांत कापडबाजारातल्या दुकानांची गोडाउनं आली. पूर्वी समोरच्या खिडकीत माणूस दिसायचा, आता साड्यांचे गठ्ठे दिसतात. नानांनी याची नोंद केली, आणि ती कुठल्या पानावर घ्यायची यावर त्यांचे चार दिवस गेले.

एवढंच काय, खुद्द महापालिकेनं जुनी इमारत सोडून छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर कार्यालय थाटलं. मी म्हणालो, "नाना, पालिकासुद्धा गेली." नाना म्हणाले, "शासकीय बदलीचं वेगळं असतं. तिथं आदेश असतो."

वहीचा मथळा मात्र नाना अगदी अद्ययावत ठेवतात. आधी तिथं 'नगरपालिका हद्द' होतं, २००३ साली महापालिका झाली त्या वर्षी 'महानगरपालिका हद्द' झालं. २०२४ साली अहिल्यानगर नावाची अधिसूचना निघाली, त्याच आठवड्यात नानांनी मथळा दुरुस्त करून सही ठोकली. या कामात त्यांना एक दिवसही विचार करावा लागला नाही. सावेडीला जाण्याचा निर्णय शासन घेत नाही, ही नानांची खरी अडचण आहे. राजपत्रात आलं असतं तर ते पहिल्या टेम्पोत बसले असते. २०२२ साली उड्डाणपूल सुरू झाला तेव्हाही त्यांनी उत्साहानं तो जमेला धरला, आणि मग नकाशा पाहिल्यावर लक्षात आलं, की तो सावेडीला उतरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण नानांच्या हातून निसटलं. चुलत्यांच्या पोरांनी एकत्र येऊन वाडा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. खाली दुकानं, वर फ्लॅट, लिफ्ट. नानांना त्यांच्या दोन खोल्यांच्या बदल्यात टू बीएचके, तिसऱ्या मजल्यावर. नानांनी आक्षेप काढले. कार्पेट एरिया किती, लोडिंग किती, लिफ्ट बंद पडली तर काय, जनरेटर कुणाच्या खर्चानं. बिल्डर तरुण होता, त्यानं सगळ्याला हो म्हटलं. नानांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्या आक्षेपाला कुणी इतक्या पटकन हो म्हटलं नव्हतं. ते जरा गडबडले.

मग बिल्डर म्हणाला, "काका, बांधकामाला दोन वर्षं लागतील. तोवर तुमच्या राहण्याची सोय माझ्याकडं. माझी एक स्कीम तयार आहे, दुसरा मजला, पूर्वेचं दार, टाकीचं पाणी चोवीस तास. भाडं मी भरतो. तुम्ही नुसतं सामान घेऊन यायचं."

"कुठंशी आहे?" नानांनी विचारलं.

"भिस्तबाग चौकाजवळ. सावेडीला."

नाना काही बोलले नाहीत. खिशातली दोन्ही पेनं काढली, कोणतं उघडावं ते कळेना म्हणून दोन्ही परत ठेवली. बिल्डरला म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे तात्पुरतं. तात्पुरत्याचे निकष वेगळे असतात. कायमचं जाणं आणि तात्पुरतं जाणं यांचे मुद्दे एकत्र करता येत नाहीत. मला जरा सवड द्या." बिल्डर म्हणाला, घ्या की, पंधरा दिवस घ्या. नानांनी त्याच दुपारी कापडबाजारातून नवी लाल वही आणली, रेघा आखल्या आणि वर लिहिलं : 'सावेडी (तात्पुरती).' पहिल्या दिवशी मथळ्याच्या पुढं गाडी गेली नाही.

आठव्या दिवशी सकाळी वाड्यासमोर टेम्पो उभा होता. हमाल जिन्यावरून कपाट उतरवत होते. हंडे, कळशा, पाट, शिवणयंत्र आधीच टेम्पोत चढलं होतं. गाद्या काढल्यामुळे लूना कितीतरी वर्षांनी उजेडात आली होती. काकू डोक्याला रुमाल बांधून हमालांना सूचना देत होत्या. नाना ओट्यावर बसलेले, मांडीवर वही, डाव्या पानावर चार ओळी, उजवं पान भरून पुढच्या पानावर गेलेलं.

"अगं, पण अजून बेरीज व्हायचीय," नाना म्हणाले.

"होऊ द्या की," काकू ड्रायव्हरशेजारी चढून बसत म्हणाल्या. "तुम्ही बेरीज करा आणि या सावकाश. मी पुढं जाऊन नळाला तोटी नीट आहे का बघते."